हातातली कॅडबरी, भिंतीवरचा नकाशा

क्रिकेटपटू लिसा स्थळेकरबद्दलचा संदेश या आठवड्यात पुन्हा मोबाइलवर फिरू लागला. मजकूर नेहमीचाच. पुण्यातल्या कुणा जोडप्याला मुलगी नकोशी झाली, त्यांनी ती पहाटेच्या अंधारात अनाथालयाच्या दारात टाकली आणि तीच मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक जिंकली. आता त्या आईबापांना काय वाटत असेल? खाली जोडलेल्या हातांची रांग.

तो पहाटेचा अंधार कुणी पाहिलेला नाही. लिसाला जन्म देणाऱ्या बाईवर तेव्हा कोणती वेळ आली होती, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, तो पुढे पाठवणाऱ्यालाही नाही. तरी तिला गुन्हेगार ठरवून सगळे मोकळे. आजचा कायदा मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस देतो. आईच्या मनात कालवाकालव होत असते, हे कायद्याला कळतं. मग शिकल्यासवरलेल्या माणसांना ते का कळू नये?

पण संदेशातली सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. त्यात लिसाला दत्तक घेणाऱ्या हरेन आणि सू यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. मूल एका दारातून आत गेलं आणि थेट विश्वचषक घेऊन बाहेर आलं, असा तो सगळा थाट. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत एक घर होतं, ते कुठे गेलं?

ते घर नीट पाहायचं तर त्याच्या शेजारी दुसरं एक घर ठेवावं लागतं. दोन्ही घरं ऑस्ट्रेलियातली, दोन्ही मुलं भारतातून गेलेली, आणि योगायोग असा की दोन्ही घरांतल्या आईचं नाव सू.

पहिलं घर स्थळेकरांचं. हरेन मुंबईचे, सू इंग्रज. दोघांनी एक मुलगी भारतातूनच दत्तक घेतली होती आणि आता त्यांना मुलगा हवा होता. १९७९ साली ते पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेल्या 'श्रीवत्स' या संस्थेत आले. मुलगा मिळाला नाही, पण जेमतेम तीन आठवड्यांची एक मुलगी त्यांना दाखवण्यात आली. संस्थेत तिचं नाव लैला होतं. सू तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिली आणि मुलग्याचा विषय तिथेच संपला. पुणे, मग अमेरिकेत मिशिगन, मग केनिया आणि शेवटी सिडनी, असा त्या कुटुंबाचा प्रवास झाला. सिडनीच्या घराच्या परसात हरेननी लेकीच्या हातात बॅट दिली. पुढे ती मुलांच्या संघात एकटी मुलगी म्हणून खेळली. २००१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघात आली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये १००० धावा आणि १०० बळी अशी दुहेरी कामगिरी करणारी ती पहिली महिला. चार विश्वचषक तिच्या नावावर आहेत.

लिसाचं क्रिकेट आलं कुठून? जन्माने ती पुण्याची, पण क्रिकेटचा नाद मुंबईच्या बापाचा. घरात भारत होता तो हरेनच्या रूपाने, आणि इंग्लंड सूच्या रूपाने. ही दोन माणसं लग्न करतानाच एकमेकांच्या चालीरीतींशी जुळवून घ्यायला शिकली होती. लिसा त्या घरात आली तेव्हा तिथे एकाच मातीतलं असं कुणीच नव्हतं, त्यामुळे ती एकटीच वेगळी ठरली नाही. आडनावसुद्धा मराठी. सिडनीच्या धावफलकावर ते इंग्रजी अक्षरांत झळकायचं आणि इकडे आपली माणसं ते बघून हरखायची.

दुसरं घर टास्मानियातल्या होबार्टचं, सू आणि जॉन ब्रायर्ली यांचं. या दोघांचा भारताशी काहीच संबंध नव्हता. मूल होत नाही म्हणून दत्तक, असंही नव्हतं. जगात इतकी मुलं घराविना असताना आपण आणखी एक कशाला जन्माला घालायचं, असा त्यांचा विचार. त्यांचा मुलगा सरू. १९८६मध्ये पाचेक वर्षांचा असताना तो बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर मोठ्या भावापासून चुकला, उभ्या गाडीत चढला, झोपला आणि थेट कोलकात्यात उतरला. हावड्याच्या फलाटांवर आणि आसपास काही आठवडे काढले, मग बालगृह, मग दत्तक संस्था. गावाचं नाव त्याला धड सांगता येत नव्हतं. स्वतःचं नावही नाही. मूळचा तो शेरू, त्याच्या बोबड्या तोंडी त्याचं सरू झालं आणि तेच कागदावर उतरलं. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली.

१९८७च्या सप्टेंबरात तो मेलबर्नच्या विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या हातात वितळलेल्या चॉकलेटचा उरलेला तुकडा होता. नव्या आईने विचारलं ते चॉकलेटबद्दलच. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण या प्रश्नाचं उत्तर येत होतं: कॅडबरी. ज्या घरांत कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात त्या घरांना हे समजावून सांगायला नको. आई आणि मुलगा यांच्यात दोघांनाही कळलेला हा पहिला शब्द. बाकी सगळं त्यानंतर.

होबार्टच्या घरात सूने त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावून ठेवला होता. या दोन घरांच्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. स्थळेकरांकडे भारत माणसाच्या रूपाने होता. ब्रायर्लींकडे तो नव्हता, म्हणून त्यांनी तो भिंतीवर टांगला. मुलगा आपला झाला म्हणजे त्याचं आधीचं सगळं पुसून टाकायचं, हा मोह भल्याभल्यांना होतो. पूर्वीचं आठवलं तर मूल दुरावेल, अशी भीती वाटते. सूला ती वाटली असेलही, पण नकाशा भिंतीवर राहिला. मुलगा त्याच्याकडे बघत झोपायचा, उठायचा.

त्याची हिंदी मात्र टिकली नाही. मूल नवी भाषा जितक्या भराभर उचलतं तितक्याच भराभर जुनी गमावतं, आणि होबार्टसारख्या शहरात ती रोज बोलायची कुणाशी? पण गावातले रस्ते, रेल्वे स्टेशन, पाण्याची टाकी, नदीवरचा बंधारा असं सगळं तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा चालत राहिला. मोठा झाल्यावर संगणकावर उपग्रहाची चित्रं चाळत, कोलकात्याकडून निघणारे रूळ धरून तो रात्रीच्या रात्री मागे मागे जात राहिला आणि २०११मध्ये खंडव्यापाशी पोहोचला. लहानपणी जे नाव तो 'जिनेस्टले' असं काहीतरी सांगायचा ते होतं गणेश तलाई. बुऱ्हाणपूर आणि खंडवा म्हणजे खानदेशच्या उंबरठ्यावरचा मुलूख. तिथली नावं मराठी कानांवरून कायम जातात, आणि चुकलेल्या मुलाच्या तोंडचा तो शब्द पंचवीस वर्षं कुणाला ओळखू आला नाही, हे वाचताना पोटात तुटतं.

त्याच ब्रायर्लींनी दुसरा मुलगाही कोलकात्याहूनच आणला. त्याचे कागद दोन वर्षं अडकले आणि त्या काळात सोसलेल्या जखमा घेऊनच तो होबार्टला आला. त्याचं आणि घराचं जुळणं कठीण गेलं, फार कठीण. तोच नकाशा, तेच आईवडील. दत्तकाच्या गोड गोष्टी सांगणारे हा मुलगा वगळतात. तो वगळला की गोष्ट खोटी होते.

इथे शब्दांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. मराठीत दत्तक हा शब्द जुना आणि वजनदार, पण त्याचा जीव वंशात आणि गादीत अडकलेला. कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. झाशीचा आनंदराव दामोदरराव झाला. दत्तक म्हटलं की पहिलं नाव गेलंच. मुलाला घर मिळावं म्हणून दत्तक हा विचार त्या मानाने अलीकडचा, आणि तो रुजतो न रुजतो तोच आपण झाड दत्तक, गाव दत्तक, चौक दत्तक, प्राणिसंग्रहालयातला बिबट्या दत्तक असं करून टाकलं. वर्षाची वर्गणी भरली की झालं. दत्तक आलेल्या मुलाने शाळेत जाता-येता त्या पाट्या वाचायच्या. हा शब्द पाट्यांवरून उतरला पाहिजे. हे जितक्या वेळा लिहावं लागेल तितक्या वेळा या स्तंभात लिहिलं जाईल.

नाव न बदललेलं एक उदाहरण नागपूरचं आहे. १९८५मध्ये तिथे जन्मलेल्या एका बाळाला संस्थेतल्या परिचारिकेने महिन्यावरून फाल्गुन हे नाव दिलं. डच आईवडिलांनी बाळ नेलं आणि नाव तसंच ठेवलं. तो फाल्गुन बिनेनडाइक पुढे नेदरलँड्समधल्या हेमस्टेडे या गावचा महापौर झाला. जन्मदातीच्या शोधात तो नागपूरला येऊन गेला आहे. डच माणसाच्या जिभेला फाल्गुन सोपा नव्हे, पण त्या घराने जीभ वळवली.

याच नेदरलँड्सने २०२१मध्ये परदेशी दत्तकविधानं थांबवली. सरकारी समितीने १९६७ ते १९९८ या काळातले कागद तपासले तेव्हा श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, कोलंबिया, ब्राझील इथून आलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बनवाबनवी सापडली. पळवलेली, विकत घेतलेली मुलंही होती आणि सरकारला त्याची कुणकुण होती. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाकडे ११ देशांतल्या ३६७ जणांनी तक्रारी केल्या. आईबाप जिवंत असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं गेलं, एका मुलाच्या जागी दुसरं पाठवलं गेलं, हे २०२५मध्ये आयोगाने मान्य केलं. चीनने २०२४मध्ये परदेशी दत्तक देणं बंद केलं. तोवर तिथून दीड लाखाहून अधिक मुलं बाहेर गेली होती.

आपणही यातून सुटलेलो नाही. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून नियम घालून दिले: आधी देशातलं घर शोधा, मगच परदेश. त्यानंतरही पुण्यातल्याच एका संस्थेच्या कारभाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला करावी लागली. आज बहुतेक मुलांना घर देशातच मिळतं. २०२४-२५मध्ये देशभरात ४५१५ दत्तकविधानं झाली, त्यातली ४१५५ देशातल्याच पालकांकडे. हे चांगलंच झालं. पण जी मुलं तेव्हा बाहेर गेली ती आता चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत आणि आपापली फाइल मागत येत आहेत. फाइलमध्ये दोन पानं. एका पानावर वजन, दुसऱ्यावर सही. त्या सहीखाली नाव लिहायला कुणाला किती वेळ लागला असता?

सरूने खंडव्याला पाऊल ठेवलं ते २०१२मध्ये. जन्मदाती त्याच वस्तीत राहत होती. मुलगा परत आला तर सापडावं म्हणून तिने तो भाग सोडलाच नव्हता. मायलेकांना बोलायला मध्ये दुभाषा लागला. पुढच्या वर्षी, २०१३मध्ये, फेब्रुवारीत लिसा मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर, बापाच्या शहरात, आपला शेवटचा विश्वचषक जिंकली आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त झाली. तिची सू तोवर गेली होती, २००२मध्ये, कर्करोगाने. २०१३मध्येच होबार्टची सू खंडव्याला आली. दोघी आया समोरासमोर आल्या. एकीला हिंदी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या, आणि त्यांचा मुलगा बाजूला उभा होता.