न्यूट्रलची बचत

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे निघालेली मालवाहू गाडी नवले पुलापर्यंत उतारावरूनच येते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एका मालट्रकच्या धडकेतून जो अपघात घडला, त्यात अनेक वाहनांचे नुकसान झाले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले असावे, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून तेव्हा पुढे आले होते. इंजिन बंद करण्यामागचे कारण मालवाहतुकीतल्या कोणालाही विचारून पाहा. उत्तर एकच येईल : डिझेल वाचते.

उतारावर डिझेल वाचवण्याची ही सवय मोठ्या ट्रकपुरती नाही. रात्री जुन्नरकडचा भाजीपाला घेऊन माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात जाणारी जुनी पिकअप असो, की खंबाटकीतून उतरणारी, घाट लागला की गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची, हा धडा क्लीनरचा ड्रायव्हर होता होताच मिळतो. जुन्या गाडीचा ॲव्हरेज पडलेला, डिझेल लिटरला 90 रुपयांच्या आसपास, भाडे मात्र तेवढेच. अशा वेळी उतार म्हणजे फुकटचा रस्ता वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच यातला हिशेब स्वच्छ मांडायला हवा.

गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घाट उतरताना चाकेच इंजिन फिरवत असतात. अशा वेळी नव्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा डिझेलचा पुरवठा तोडते. जुन्या गाडीतल्या पंपाचा गव्हर्नरही तेच करतो. म्हणजे गिअरमध्ये उतरणारी गाडी जवळपास काहीच पीत नाही. गिअर काढला, की इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी डिझेल जळते. लांबच्या सौम्य उतारावर मोकळी सोडलेली गाडी थोडी पुढे जाते, हे खरे. पण घाटात ब्रेक लावावाच लागतो, आणि जिथे ब्रेक लावावा लागतो तिथे न्यूट्रलने मिळवलेला वेग आपण लायनर जाळून घालवत असतो.

इंजिनच बंद केले तर थेंबभर डिझेल वाचेल, पण ब्रेक हातचे जातील. पिकअपच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि तो व्हॅक्यूम चालू इंजिनाकडून मिळतो. दोन-तीनदा पेडल दाबले की साठा संपतो आणि पेडल दगडासारखे होते. मोठ्या ट्रकच्या एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही इंजिनावरच असतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. दीड टन टोमॅटो पाठीशी घेऊन वळणावर या अवस्थेत सापडलेल्या माणसाने आणि त्याच्या पुढे दुचाकीवर चाललेल्या कुटुंबाने काय करायचे?

जुन्या पिकअपचा ॲव्हरेज खरोखर वाढवता येतो, पण तो उतारावर सापडत नाही. आधी मोजायला हवे. अनेक जुन्या गाड्यांच्या मीटरची केबल तुटलेली असते आणि मालक अंदाजाने आकडा सांगत असतो. केबल बसवा, टाकी काठोकाठ भरा, महिनाभर लिटर आणि किलोमीटर वहीत लिहा. मग गाडी जॅकवर उचलून चाके हाताने फिरवून पाहा. घासणारा लायनर किंवा सुकलेले बेअरिंग असेल तर तिथेच कळते. प्रवासानंतर एखादा हब बाकीच्यांपेक्षा फार गरम लागत असेल तर तीच खूण. अशी गाडी दिवसभर अर्धा ब्रेक लावून धावत असते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इंजिन तापते म्हणून पूर्वी कधीतरी गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग इंजिन हवे तेवढे गरमच होत नाही आणि थंड इंजिन डिझेल जास्त खाते. काही शे रुपयांची ती वस्तू परत बसवणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. जुन्या पंपाला आत किती हवा येते हे कळत नाही, त्यामुळे एअर फिल्टर तुंबला तरी तो तेवढेच डिझेल सोडत राहतो. फिल्टर बदलूनही धूर थांबला नाही तर नोझल आणि पंप तपासून घ्यावेत. टायरमधली हवा टायर थंड असताना भरावी. बाजारात मिळणारी डिझेल वाचवणारी चुंबके आणि नळ्या घेऊ नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी 100 हून अधिक उपकरणे तपासली. त्यांत ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही निघाले नाही.

आणि वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 80 वरून 60 वर आल्यास तो जवळपास निम्मा होतो, आणि उंच पिंजरा व फडफडणारी ताडपत्री असलेल्या पिकअपला हवेचा अडथळा कारपेक्षा कितीतरी जास्त. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन वर्षानुवर्षे 45 ते 55 चा वेग राखायला सांगत आली आहे. दिवसाला 180 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा ॲव्हरेज 10 वरून 12 वर आला, तर 18 लिटरच्या जागी 15 लिटर लागतील. रोजचे 270 रुपये वाचले. इंजिन बंद करून एक घाट उतरल्याने चहाचे पैसेही सुटत नाहीत.

तरीही ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कारण अनेक ठिकाणी त्याला फेरीमागे डिझेलचे उक्ते पैसे दिले जातात. वाचले ते त्याचे, कमी पडले तर पगारातून. गाडीचा लायनर घासतोय, थर्मोस्टॅट नाही, माल पासिंगपेक्षा जास्त भरला आहे, हे सारे मालकाच्या हातातले. ड्रायव्हरच्या हातात उरतो फक्त उतार आणि किल्ली. त्याने किल्ली फिरवली की दोष त्याचा ठरतो, गुन्हाही त्याच्यावर दाखल होतो. हा अन्याय आहे आणि तो रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाच्या जिवावर बेततो.

पिकअप मालकांना विनंती आहे : या महिन्यापासून उक्ते डिझेल बंद करा, टाकी भरून द्या आणि हिशेब वहीत ठेवा. ॲव्हरेज कमी आला तर आधी गाडी जॅकवर घ्या, मग ड्रायव्हरला विचारा. आणि घाट गिअरमध्येच उतरायचा, हे त्याला आज स्वतःच्या तोंडाने सांगा.