सुई कोणाकोणाला टोचते? सुरक्षित सिरिंजचा अपुरा हिशेब

२००९ सालच्या सुरुवातीला उत्तर गुजरातेतल्या मोडासा गावात आणि आसपासच्या भागात हिपॅटायटिस-बी या काविळीची साथ पसरली. मोडासा तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात होते. २०१३ पासून ते अरवल्ली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. चारशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि ऐंशीहून अधिक दगावली. ही कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीसारखी पसरत नाही. तिचा विषाणू मुख्यतः रक्तातून जातो. त्यामुळे एकाच भागात एकाच वेळी इतके रुग्ण निघाले, तेव्हा संशय दवाखान्यांतल्या सुयांवर गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजशी तिचा संबंध दाखवला. त्या काळात पडलेल्या धाडींत, वापरून टाकलेल्या सिरिंज पुन्हा विक्रीसाठी साठवून ठेवलेल्याही सापडल्या.

या घटनेला बरीच वर्षे झाली. तरी ती आज आठवावी असे आम्हाला वाटते, कारण मोडाशाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण अर्धेच दिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित इंजेक्शनची व्याख्या साधी आहे. इंजेक्शन घेणाऱ्याला त्यापासून अपाय होऊ नये, देणाऱ्याला टाळता येण्याजोगा धोका होऊ नये, आणि त्यातून निघणारा कचरा समाजाला घातक ठरू नये. म्हणजे माणसे तीन: घेणारा, देणारा आणि उचलणारा. भारतात इंडिया-क्लेन या संस्थेच्या पुढाकाराने २००२ ते २००४ या काळात देशभर पाहणी झाली. तेव्हा वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जात होती आणि त्यांतली जवळजवळ ६३ टक्के कुठल्या ना कुठल्या कारणाने असुरक्षित ठरली. आपल्याकडे पुढे जी सुधारणा झाली, ती बहुतेक पहिल्या माणसासाठी झाली. दुसरा आणि तिसरा तसेच राहिले.

पहिल्या माणसासाठी काय झाले ते आधी पाहू. आपल्या पिढीला काचेची सिरिंज आणि ती उकळण्याचा स्टीलचा डबा चांगला आठवतो. त्यानंतर प्लास्टिकची, एकदा वापरून फेकायची सिरिंज आली. पण 'एकदाच वापरा' असे पाकिटावर छापल्याने ती एकदाच वापरली जाते असे नाही. धुऊन पुन्हा पाकिटात भरता येते. म्हणून 'ऑटो-डिसेबल' म्हणजे एडी सिरिंज निघाली. तिच्या आत अशी खाच किंवा क्लिप असते की दट्ट्या एकदा शेवटपर्यंत दाबला की तिथेच अडकतो. जोर लावून मागे ओढला तर मोडतो, पण पुन्हा औषध भरता येत नाही. नियम पाळण्याची जबाबदारी माणसाच्या सचोटीवर न सोडता वस्तूच्या रचनेतच घालून दिली, हे या शोधाचे मोठेपण. सरकारी लसीकरणात ही सिरिंज मोडाशाच्या आधीच आली होती. कोविडच्या लसीकरणातही तीच वापरली गेली. जुलै २०२२ मध्ये देशाने २०० कोटी डोस पुरे केले. इतक्या सिरिंज बनवण्याची ताकद आपल्या कारखान्यांत आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

पण लस हा इंजेक्शनांच्या जगातला अगदी लहान भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात वर्षाला सुमारे १,६०० कोटी इंजेक्शने दिली जातात. त्यांतली लसींची फक्त ५ टक्के आणि औषधोपचाराची सुमारे ९० टक्के. म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये संघटनेने सर्व देशांना आवाहन केले, की २०२० पर्यंत औषधाच्या इंजेक्शनांसाठीही पुन्हा न वापरता येणाऱ्या सिरिंज आणाव्यात. टोचणाऱ्याचे संरक्षण करणाऱ्या सिरिंजची शिफारसही त्याच मार्गदर्शिकेत होती. ते २०२० साल येऊन गेले. आजही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तापाचे इंजेक्शन घ्यायला गेलात, तर हातात येते ती बहुधा साधी डिस्पोजेबल सिरिंजच.

आता दुसरा माणूस. एडी सिरिंज नर्सच्या बोटाचे रक्षण करत नाही. दट्ट्या अडकला तरी सुई उघडीच असते. रुग्ण हलला, घाईत टोपण परत लावायला गेले, ट्रेमध्ये कापसाखाली सुई राहिली, की टोचलीच. रुग्णाच्या रक्तात विषाणू असेल तर अशा एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता एचआयव्हीच्या बाबतीत हजारात सुमारे ३ आणि हिपॅटायटिस-सीच्या बाबतीत शंभरात सुमारे २ असते. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाऊ शकते. आकडे लहान वाटतील. पण ज्या मुलीला सुई टोचली, तिला पुढचे काही महिने एकामागून एक तपासण्यांची वाट पाहत काढावे लागतात. आपल्या समाजातल्या किती घरांतल्या लेकी-सुना नर्स, लॅब टेक्निशियन किंवा इंटर्न म्हणून काम करतात, याचा विचार केला की हा प्रश्न परका राहत नाही.

यावर उपाय आहेत. काही सिरिंजच्या सुईला बाजूने जोडलेले झाकण असते. काम झाल्यावर अंगठ्याने दाबले की ते सुईवर खटकन बसते. काहींत सरकणारी नळी असते. सर्वांत चांगल्या प्रकारात स्प्रिंग असते आणि दट्ट्या पूर्ण दाबताच सुई आपोआप नळीच्या आत ओढली जाते. सलाईनच्या सुईतही अशी सोय मिळते: सुई बाहेर काढताना तिच्या टोकावर छोटी क्लिप बसते. ज्यात माणसाला वेगळे काही करावे लागत नाही तो प्रकार जास्त भरवशाचा, कारण रात्रपाळीच्या गर्दीत अंगठ्याने झाकण लावायचे राहून जाते. म्हणून नुसती सिरिंज बदलून भागत नाही, ती कशी वापरायची याचे शिक्षणही द्यावे लागते.

अमेरिकेत हे कायद्याने झाले. १९९८ मध्ये कॅरेन डेली या अनुभवी नर्सला वापरलेली सुई डब्यात टाकताना, डब्यातून वर आलेली दुसरीच सुई टोचली. त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी, दोन्ही झाले. त्यांनी आणि इतर नर्सेसनी आवाज उठवला आणि ६ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सुई-इजा प्रतिबंधक कायद्यावर सही केली. डेली पुढे अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या अध्यक्षही झाल्या. या कायद्यातल्या तीन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटतात. सुरक्षित साधने बाजारात असतील तर रुग्णालयाने ती विचारात घेतलीच पाहिजेत. साधन निवडताना ते प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांचे मत घेतले पाहिजे. आणि प्रत्येक सुई-इजेची नोंदवही ठेवली पाहिजे. नंतरच्या एका अभ्यासात दिसले की २००१ मध्ये तिथल्या रुग्णालयांतल्या अशा इजा सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या. युरोपीय संघानेही २०१० मध्ये असाच निर्देश काढला आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावण्यावर बंदी घातली.

आपल्याकडे काय आहे? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया आणि पाती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची असतात, आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस द्यायची असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आरोग्यसंस्थांवर कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि धोका झाल्यास प्रतिबंधक औषध देण्याची जबाबदारी टाकली आहे. पण याच कचरा नियमांतली 'मोठ्या अपघाता'ची व्याख्या पाहा: सुई टोचणे तिच्यातून नावानिशी वगळलेले आहे. अशा इजा ताबडतोब कळवायच्या नसतात, वर्षअखेरच्या अहवालात द्यायच्या असतात. आणि सिरिंजची रचनाच सुरक्षित हवी असे बंधन घालणारा, अमेरिकेसारखा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

असे का होते? आयुष्य बँकेत गेल्यामुळे आम्हाला याचे उत्तर हिशेबाच्या वहीत दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले होते, की मोठ्या खरेदीत साधी सिरिंज तीन ते चार सेंटला पडते आणि सुरक्षित सिरिंज निदान दुप्पट किमतीला. हा जादा खर्च रुग्णालयाच्या खरेदीखात्यात लगेच दिसतो. निविदेत सर्वांत कमी दराची निवड होते आणि महागडी सिरिंज पहिल्याच फेरीत बाद होते. उलट, नर्सच्या तपासण्या, औषधे, रजा, तिच्या घरातली झोप उडणे, सफाई कामगाराची कावीळ हे सगळे कोणत्याच खात्यात नावे पडत नाही. बँकेत संभाव्य देणे ताळेबंदाच्या तळटिपेत तरी दाखवावे लागते. इथे ते कुठेच दाखवले जात नाही. जे लिहिले जात नाही त्यासाठी कोणी तरतूद करत नाही. म्हणून आमच्या मते सुरुवात नोंदवहीपासून व्हावी. वर्षात आपल्याकडे किती सुया टोचल्या, कोणाला आणि कोणत्या कामात, हे एकदा समोर आले की सुरक्षित साधन कुठे आधी आणायचे ते आपोआप कळेल. सगळीकडे एकदम आणणे परवडणार नाही, हे खरे. पण रक्त काढणे आणि सलाईन लावणे यांत पोकळ सुईत रक्त राहते, त्यामुळे तिथे धोका अधिक असतो. निदान तिथून तरी आरंभ करता येईल.

तिसरा माणूस आपल्या दारातच येतो. मधुमेहामुळे घरी इन्सुलिन घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वापरलेली सुई आणि ग्लुकोमीटरची लॅन्सेट बऱ्याच घरांतून सरळ कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि सकाळच्या गाडीवरचा माणूस ती पिशवी हाताने दाबतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे त्या वेगळ्या द्यायच्या होत्या. रुग्णालयाला नावे ठेवण्यापूर्वी एवढे आपल्याला करता येण्यासारखे आहे.

म्हणून सभासदांसाठी चार गोष्टी.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी फिनेल किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची बाटली धुऊन ठेवावी. सुया तिच्यात टाकाव्यात. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून, चिकटपट्टी मारून, वर 'सुया' असे गुजरातीत आणि हिंदीत लिहून ती गाडीवाल्याच्या हाती वेगळी द्यावी. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही.

दवाखान्यात गेल्यावर सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. डॉक्टरांचा अपमान होईल असा संकोच नको. आणि गोळीने भागत असेल तर 'ताकदीचे' इंजेक्शन किंवा सलाईन मागू नये. न दिलेल्या इंजेक्शनात तिघांनाही धोका नसतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

घरातले कोणी रुग्णालयात किंवा लॅबमध्ये काम करत असेल, तर त्यांचे हिपॅटायटिस-बीचे तीनही डोस झाले आहेत का ते विचारावे. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये, तोंडात बोट घालू नये, आणि त्याच वेळी वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. 'ओरडा बसेल' म्हणून गप्प राहणाऱ्या नव्या मुलामुलींना हे घरच्यांनीच समजावले पाहिजे.

आणि आपल्यापैकी जे दवाखान्यांच्या ट्रस्टवर आहेत किंवा खरेदी समितीत बसतात, त्यांनी पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी आपल्याकडे किती कर्मचाऱ्यांना सुई टोचली? उत्तर 'एकालाही नाही' असे आले, तर नोंदवही मागावी.