टाइपरायटरला गिऱ्हाईक आहे, कारागीर नाही

एप्रिल २०११ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांनी टाइपरायटरचा मृत्युलेख छापला. निमित्त होते आपल्याकडचे. गोदरेज अँड बॉइस कंपनीने टाइपरायटरचे उत्पादन २००९ मध्येच थांबवले होते. कंपनीकडे जेमतेम पाचशे यंत्रे शिल्लक असून त्यांतली बहुतेक अरबी लिपीची आहेत, अशी बातमी आली आणि ‘जगातील शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ असे तिचे रूपांतर झाले. वस्तुतः ते खरे नव्हते. ब्रदर कंपनी वेल्समधील रेक्सम येथे नोव्हेंबर २०१२ पर्यंत टाइपरायटर बनवत होती. चीनमध्ये तयार झालेली हाताने चालवायची नवी यंत्रेही त्यानंतर अमेरिकेच्या बाजारात ‘रॉयल’ या जुन्या नावाने विकली गेली. तरीही मृत्युलेखाचा सूर कोणाला खटकला नाही.

त्याच २००९ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक वेगळीच घटना घडली होती. कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांचा ऑलिव्हेट्टी कंपनीचा ‘लेटेरा ३२’ हा छोटा टाइपरायटर ख्रिस्टीजच्या लिलावात दोन लाख ५४ हजार ५०० डॉलरना गेला. मॅकार्थी यांनी तो गहाणवटीच्या दुकानातून पन्नास डॉलरना घेतला होता. यंत्र लिलावात गेल्यावर त्यांच्या मित्राने त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र त्यांना आणून दिले, किंमत अकरा डॉलर! उत्पादन संपत असताना संग्राहकांचा बाजार कसा उभा राहात होता, हे या आकड्यांवरून लक्षात यावे. त्यानंतरच्या काळात ही हौस वाढतच गेली. अभिनेते टॉम हँक्स यांनी शेकडो यंत्रे जमवली, त्यातली कित्येक वाटूनही टाकली. सिनसिनाटीत तत्त्वज्ञान शिकवणारे रिचर्ड पोल्ट यांचे ‘द टाइपरायटर रिव्होल्यूशन’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि पाठोपाठ २०१६ मध्ये ‘कॅलिफोर्निया टाइपरायटर’ हा माहितीपट. आज अकरा डॉलरना चालू स्थितीतला लेटेरा मिळण्याची आशा कोणी बाळगू नये.

संग्राहकांची पसंती मुख्यत्वे पोर्टेबल यंत्रांना आहे. कचेरीतला टाइपरायटर म्हणजे पंधरा-सोळा किलोचे धूड. ते टेबलावर एकदा बसले की तिथलेच. पोर्टेबलचा जन्म मात्र प्रवासी, वार्ताहर आणि विद्यार्थी यांच्यासाठी झाला. १९१२ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘कोरोना ३’ची कॅरेज चक्क दुमडून कळफलकावर आडवी होत असे. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडच्या पैयार कंपनीने काढलेला ‘हर्मिस बेबी’ इतका बुटका होता की तो दप्तरात मावे. पण या सगळ्यांत मानाचे पान इटलीतील इव्रिया गावच्या ऑलिव्हेट्टीला द्यावे लागेल. मार्चेल्लो निझोली यांनी घडवलेला ‘लेटेरा २२’ १९५० मध्ये बाजारात आला, १९५४ मध्ये त्याला इटलीतील ‘कोंपासो दोरो’ हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याला आपल्या संग्रहात स्थान दिले. वजन साधारण चार किलो. युनेस्कोने २०१८ मध्ये इव्रियाचा समावेश जागतिक वारसास्थळांत केला. गाव वारसा झाले, मात्र तिथे बनलेली यंत्रे दुरुस्त करणारे हात कोणी वारसा म्हणून जपलेले नाहीत. प्रश्न नेमका येथेच आहे.

तेल घालणे हा पहिला गुन्हा

पन्नास-साठ वर्षे पेटीत पडून राहिलेला पोर्टेबल सहसा ‘मेलेला’ नसतो. बहुतेक वेळा तो चिकटलेला असतो. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धगोल खाचांतून वर उसळतात, त्या खाचांत धूळ, खोडरबराचा चुरा आणि जुने तेल यांचा राळेसारखा थर बसतो. कळ दाबली की दांडी वर जाते आणि तिथेच राहते. मालक घाईने शिवणयंत्राचे तेल किंवा डब्यातला फवारा मारतो. दोन दिवस यंत्र सुरेख चालते आणि महिनाभरात पहिल्यापेक्षा घट्ट बसते. जाणकार कारागीर या खाचांत तेलाचा थेंबही घालत नाही. तो उडून जाणाऱ्या द्रावकाने त्या पुन:पुन्हा धुतो, कोरड्या करतो आणि तशाच सोडतो. द्रावक कोणता हेही महत्त्वाचे. स्पिरिटने खाच स्वच्छ होते, पण तेच बाहेरच्या रंगावर सांडले तर रंग उठतो.

दुसरे दुखणे कॅरेजचे. ती डावीकडे ओढणारी दोरी किंवा पट्टी एका स्प्रिंगच्या डबीला बांधलेली असते. ती तुटली की यंत्र एकाच जागी अक्षरावर अक्षर आपटत राहते. हे दिसायला भयंकर, पण उपाय स्वस्त आहे. मासेमारीचा मजबूत दोरा अनेकांनी वापरला आहे. मात्र स्प्रिंगला किती पीळ द्यायचा हे अनुभवानेच कळते. जास्त दिला तर अक्षरे उड्या मारतात, कमी दिला तर ओळीच्या शेवटी कॅरेज अडखळते.

खरा कस लागतो तो रबराचा. कागद ज्यावर गुंडाळला जातो त्या रुळाचे रबर काळाने दगडासारखे होते. मग आवाज वाढतो, कागद घसरतो आणि पूर्णविरामाच्या जागी सरळ भोक पडते. जर्मन ‘ऑलिंपिया’च्या देखण्या यंत्रांत बाह्यांग ज्या रबरी गुट्ट्यांवर टेकलेले असते, त्याही विरघळून जातात. रुळावर नवे रबर चढवून अचूक व्यासाला घासणे हे घरच्या टेबलावर होणारे काम नाही. पाश्चात्त्य देशांतही ते करणारे मोजकेच आहेत. फितीची रिळे आणि काही छोटे भाग हौशी मंडळी आता त्रिमिती छपाईने बनवू लागली आहेत, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

या सगळ्याला कित्येक तास लागतात. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च अनेकदा यंत्राच्या किमतीहून अधिक होतो आणि बाजार आडवाटेला लागतो. वरून नवा रंग फवारून, कळा चकचकीत पुसून, आत हातही न लावलेले यंत्र ‘पूर्ण दुरुस्त’ म्हणून विकले जाते. एक यंत्र चालू करण्यासाठी दोन मोडली जातात. काचेच्या गोल कळा कापून त्यांच्या अंगठ्या आणि कफलिंक्स करणारा वर्ग तर वेगळाच. संग्राहक त्यांना ‘की-चॉपर’ म्हणून शिव्या घालतात. यंत्रांचा साठा ठरलेला आहे, त्यात भर पडत नाही. मागणी वाढली म्हणून जुने यंत्र वाचेलच असे नाही. हौसच कधीकधी त्याचा घास घेते.

कारागिरांची गत याहून अवघड आहे. ज्यांनी हा व्यवसाय कंपन्यांच्या कार्यशाळांत शिकला, त्यांची पिढी निवृत्तीच्या पलीकडे गेली. ज्या दुकानाच्या नावाने तो माहितीपट निघाला, ते बर्कलीचे दुकानही २०२० मध्ये बंद झाले. एवढ्या प्रसिद्धीनंतरही दुकान टिकू नये, यातच काय ते समजावे. पुस्तिका आणि चित्रफिती पाहून शिकणारी नवी मंडळी आहेत, त्यांचे कौतुकही वाटते. परंतु हाताखाली काम करून मिळणारे कान आणि बोटे चित्रफितीतून येत नाहीत.

देवनागरीचे काय?

आपल्या दृष्टीने यातला सर्वांत बोचरा भाग पुढे आहे. स्वातंत्र्यानंतर गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. महाराष्ट्रात टाइपरायटरवरील शासकीय टंकलेखन परीक्षा २०१७ पर्यंत होत होत्या. त्यानंतर संगणक आला आणि गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधील यंत्रांना काम उरले नाही. मुंबईचे चंद्रकांत भिडे यांच्यासारख्या कलावंताने याच यंत्रावर अक्षरे आणि चिन्हे ठोकून व्यक्तिचित्रे काढली, ही गोष्ट अपवादाची. बाकी यंत्रांचे मोल भंगारवाल्याच्या काट्यावर ठरते.

जगभरचा संग्राहक रोमन कळफलक शोधतो. मराठी यंत्राला त्या बाजारात फारसे गिऱ्हाईक नाही. अभियांत्रिकी म्हणून पाहिले तर हेच यंत्र अधिक कुतूहलाचे आहे. अर्धी अक्षरे वेगळी, रफार वेगळा, काना वेगळा. शेकडो जोडाक्षरांची लिपी चार डझनांहून कमी कळांवर बसवायची. उकार, मात्रा आणि अनुस्वार अक्षराच्या खाली-वर बसावेत म्हणून त्यांच्या कळा ‘मुक्या’ ठेवलेल्या, म्हणजे कळ दाबली तरी कॅरेज पुढे सरकत नाही. अशा यंत्रात एखादा खिळा दांडीवरून निखळला आणि तो पुन्हा डाग देऊन बसवताना केसभर सरकला, तर मात्रा शेजारच्या अक्षरावर जाते. इंग्रजी यंत्रांवर हात बसलेल्या परदेशी हौशी कारागिराला ही चूक दिसणारसुद्धा नाही. ती ओळखण्यासाठी मराठी वाचता आले पाहिजे. गंमत अशी, की रेमिंग्टन आणि गोदरेज यांचे कळफलक संगणकाच्या प्रणालींत पर्याय म्हणून टिकले. ज्या लोखंडासाठी ते बेतले गेले, ते मात्र रद्दीत निघाले.

मुंबईत विक्रोळी येथे गोदरेजचे अभिलेखागार आहे, त्यामुळे कारखान्याचा इतिहास तरी शाबूत राहील. चालत्या देवनागरी यंत्रांची जबाबदारी मात्र सध्या कोणाकडेच नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एखादा छोटा अभ्यासक्रम काढला, तर शिकवू शकणारे जुने मेकॅनिक आज शोधून सापडतील. दहा वर्षांनी ती खात्री देता येणार नाही.

तोवर, ज्यांच्या माळ्यावर वडिलांचे किंवा आजोबांचे यंत्र आहे त्यांनी ते किलोवर देऊ नये. उघडण्याआधी प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढावीत, फवारा मारू नये आणि मूळ रिळे टाकू नयेत. अर्धा इंच रुंदीची नवी फीत अजून विकत मिळते, ती जुन्याच रिळावर गुंडाळता येते.