पडद्यावरचे संमेलन बंद नको

मार्च २०२० मध्ये शाळेने आम्हाला घरी पाठवले, तेव्हा माझ्या ट्रंकेत लायब्ररीची दोन पुस्तके होती. पंधरा दिवसांत परतू असे वाटले होते. एप्रिल संपायच्या आत दोन्ही दोनदा वाचून झाली. तालुक्याचे वाचनालय बंद, एस.टी. बंद, तिसरे पुस्तक आणणार कुठून?

त्या मे महिन्यात वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाचा साहित्य महोत्सव इंटरनेटवर झाला, १८ ते ३१ मे, विनामूल्य. हे गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ केले, ती कल्पना तिथूनच आलेली. भिलार आमच्या घरापासून तासाभरावर. हे-ऑन-वाय मी नकाशातही पाहिले नव्हते. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. शाळेत असतो तर लाइट्स आउट झालेले असते. घरी मात्र गच्चीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे आजोबांचे घोंगडे पांघरून ऐकत बसायचो. निम्मे इंग्रजी डोक्यावरून गेले, हे कबूल करतो. पण एवढा मोठा लेखकही मध्येच थांबून “आवाज येतोय ना?” असे विचारतो, हे पाहून धीर आला.

पुढे १९ ते २८ फेब्रुवारी २०२१ या काळात जयपूरचा साहित्य महोत्सव पूर्णपणे ऑनलाइन झाला. एरवी तो जानेवारीत भरतो, म्हणजे नेमका आमच्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडच्या तयारीत. त्यासाठी आउट-पास मागायला गेलो असतो, तर हाउसमास्तर सरांनी आधी माझी ड्रिलमधली पावले तपासली असती! म्हणून मला वाटते, लोक पडद्यावरच्या कार्यक्रमांना ‘पर्याय’ म्हणतात ते आमच्या बाबतीत खरे नाही. ज्याला मूळ महोत्सवच कधी मिळणार नव्हता, त्याला पर्याय कसला? त्याच्यासाठी तेवढाच एक दरवाजा होता. सीमेवरच्या चौकीतल्या जवानाचे, हॉस्टेलमधल्या मुलाचे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही तेच.

त्यावरूनच आमच्या वर्गातल्या सात जणांनी दर रविवारी फोनवर एकत्र वाचायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपल्या भाषेतले एक पान वाचायचे आणि हिंदीत समजावून सांगायचे. मी डॉ. जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ घेतले. कोल्हापुरात जन्मून बनारसला वाढलेला मराठी मुलगा, म्हणून मला ते जवळचे वाटले होते. आमच्यातला एक जण बनारसचा. त्याने मला मध्येच अडवले आणि पुढची वीस मिनिटे त्या विद्यापीठाच्या आवारातल्या स्वतःच्या सायकलफेऱ्या सांगत बसला. चार वर्षे शेजारच्या कॉटवर झोपून हे मला कळले नव्हते.

दुसरी बाजूही आहे. आमच्यातल्या एकाच्या घरी तीन भावंडांत एक फोन. तो चार रविवारांनंतर यायचा बंद झाला. आम्ही त्याला दोनदा विचारले आणि मग विचारणे सोडून दिले, याची मला आज लाज वाटते. शिवाय पडद्यावर पुस्तक हातात घेऊन चाळता येत नाही, लेखकाची सही मिळत नाही. नाशिकचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये व्हायचे होते. साथीमुळे ते पुढे ढकलले आणि डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष भरवले. ग्रंथदिंडी आणि पुस्तकांचे स्टॉल यांच्याशिवाय संमेलन ते कसले, असे आजोबा म्हणाले. मला ते पटते. पण त्याच संमेलनाचे अध्यक्ष असलेले नारळीकर प्रकृतीमुळे नाशिकला येऊ शकले नाहीत, हेही मी आजोबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

मार्च २०२२ मध्ये जयपूरचा महोत्सव पुन्हा मांडवात भरला, तरी ऑनलाइन सत्रे त्यांनी ठेवली. हेच इतरांनीही करावे, आणि आपल्या शाळेनेही. आम्ही परतलो, फोन हाउस ऑफिसच्या कपाटात गेले. ते बरोबरच आहे. फोन परत द्या असे माझे म्हणणे नाही. मागणी एवढीच आहे की महिन्यातून एकदा असे एखादे सत्र सगळ्यांना मिळून मोठ्या पडद्यावर बघू द्यावे आणि त्यानंतर अर्धा तास आमचे वाचन होऊ द्यावे, प्रत्येकाचे आपापल्या भाषेत. तिथे एका फोनसाठी कोणाला भावंडांकडे बघावे लागणार नाही.

लायब्ररीशेजारच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे. रविवारी चहापासून प्रेपपर्यंत तो हॉल रिकामा असतो. मी लागोपाठ तीन रविवार जाऊन पाहिले आहे.