देवाचा क्रोध आणि आपली श्रद्धा

पाऊस लांबला, पीक करपलें, गुरें दगावलीं, कीं आमच्या ईट गांवाकडे, भूम तालुक्याच्या माळरानांत, एकच उद्गार ऐकूं येतो : "देव कोपला." हा उद्गार हिंदु बांधवांच्या तोंडीं आहे, तसाच तो ख्रिस्ती घरांतूनहि आहे. उलटपक्षीं, आमच्यांतील शिकलेल्या मंडळीस देवाच्या क्रोधाचें नांव काढलेलेंहि खपत नाहीं. देव जर प्रेमळ आहे, तर त्याला राग कसला, असें ती म्हणते. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात. आणि ही चूक केवळ पंडितांच्या वादापुरती नसून तिच्यामुळें आपल्या श्रद्धेच्या मुळालाच कीड लागते. तेव्हां वाचकांनीं क्षणभर या विषयाकडे लक्ष द्यावें, अशी आमची विनंती आहे.

पहिला पक्ष घेऊं. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व सास्तूर या भागांत भूकंप झाला. आदल्याच दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून लोक निजले होते. सुमारें आठ हजार माणसें त्या पहाटे मृत्यु पावलीं. सास्तूर हें तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतलेंच. ईट त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गांव. या भूकंपाविषयीं बोलणें चाललें असतां एका वृद्ध बाईंनीं आम्हांस विचारिलें, "देवाचा कोप झाला म्हणत्यात, मग पाळण्यातल्या लेकराचं काय पाप व्हतं?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर प्रभु येशूनें स्वतः देऊन ठेविलें आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं यरुशलेमांतील इतरांपेक्षां अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न काढून त्यानें स्पष्ट नकार दिला, असें लूक सांगतो. किल्लारीसहि तेंच लागू आहे. हा प्रदेश भूकंपापासून सुरक्षित समजला जात होता. घरांच्या भिंती जाड दगडांच्या, जोड केवळ मातीचा, आणि वर मातीच्या जड माळवदाचें ओझें. भूमि हालली, भिंती सुटल्या, आणि निजलेल्या माणसांवर छपरें आलीं. माळवद पडतांना पुण्यवान कोण व पापी कोण, हें पाहात नाहीं. जो मनुष्य दुसऱ्याच्या ढिगाऱ्याकडे बोट करून तेथें देवाचा क्रोध दाखवितो, तो देवाच्या नांवावर स्वतःचा निवाडा खपवितो.

मोठमोठ्यांसहि हा मोह पडला आहे. ता. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां महात्मा गांधींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेला दंड होय, असें म्हटलें. अस्पृश्यतेचा त्यांच्याइतकाच तिरस्कार करणाऱ्या रवींद्रनाथ ठाकुरांनीं या म्हणण्याचा जाहीर निषेध केला, आणि गांधींनीं तो निषेध आपल्या पत्रांत छापून त्यास उत्तर दिलें. भूकंपाच्या कारणाविषयीं रवींद्रनाथांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या वादांत एक गोष्ट विसरूं नये : अस्पृश्यतेवर ईश्वर कोपतो, हें गांधींचें मूळ म्हणणें खोटें नव्हतें. चूक झाली ती तो कोप बिहारच्या ढिगाऱ्यांत दाखविण्यांत.

येथें आम्ही दुसऱ्या पक्षाकडे वळतों. देवाला राग येतच नाहीं, असें मानणें ऐकावयास गोड आहे. पण तें कोणाला गोड लागतें, हें पाहावें. ज्याच्या आजापणजांस गांवच्या आडावर पाणी भरूं दिलें नाहीं, त्याला रागावाचून असलेला देव काय दिलासा देणार? मराठवाड्यांतील कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा पूर्वेतिहास असाच आहे. त्यांच्या अपमानाकडे पाहून ज्याच्या मनास कांहींच झालें नाहीं, तो देव जुलूम करणाऱ्याच्याच सोयीचा. शास्त्रांतला देव तसा नाहीं. विधवेस व पोरक्यास गांजलें, तर आपला क्रोध भडकेल, असें तो निर्गमांत बजावतो. खोटीं मापें वापरून गरिबास नाडणाऱ्यांवर आमोस संदेष्टा त्याच्याच नांवानें गर्जतो. आणि सभास्थानांत वाळल्या हाताच्या मनुष्यास बरें करूं नये म्हणून टपून बसलेल्यांकडे प्रभूनें रागानें पाहिलें, व त्याच वेळीं त्यांच्या कठीण मनाबद्दल त्यास दुःख झालें, असें मार्क लिहितो. राग आणि दुःख हीं तेथें एकत्र आहेत. माणसाचा राग बहुधा दुखावलेल्या अभिमानांतून उठतो. देवाचा राग त्याच्या पवित्रतेंतून व प्रीतींतून उठतो. आपल्या लेकरास कोणी छळीत असतां ज्या बापाचें रक्त तापत नाहीं, त्याच्या प्रीतीस आपण प्रीति म्हणूं काय?

हा फरक पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत चांगला दिसतो. विधवांवरील अन्यायाविरुद्ध त्यांनीं कडक शब्दांत लिहिलें. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हां हें कोणाच्या पापाचें फळ, याचा हिशेब करीत त्या बसल्या नाहींत. त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि शेंकडों अनाथ मुली व विधवा यांस त्यांनीं आपल्या आश्रयास आणिलें. संताप अन्यायावर, करुणा पीडितांवर. असा हा विवेक आहे.

क्रोध वगळला, तर वधस्तंभाचाहि अर्थ उरत नाहीं. सावकारानें कर्ज सोडलें, म्हणजे तें हवेंत विरत नाहीं. तेवढा तोटा सावकारानें आपल्या अंगावर घेतलेला असतो. पापाचें देवास कांहींच वाटत नसतें, तर क्षमेचीहि गरज नव्हती. दुर्लक्ष पुरलें असतें. त्यास वाटतें, आणि तरीहि तो क्षमा करितो. तिची किंमत तो ख्रिस्ताच्या ठायीं स्वतः सोसतो. रागीट पित्यानें निरपराध पुत्रास बळजबरीनें शिक्षा केली, असा याचा अर्थ कोणी करूं नये. पुत्र स्वखुषीनें गेला, आणि पिता त्याच्यांत होता.

यावरून विद्यार्थ्यांस दोन गोष्टी घेतां येतील. देवाच्या क्रोधाचा विचार करितांना पहिलें बोट स्वतःच्या छातीकडे वळवावें. शिलोहाची गोष्ट सांगून प्रभूनें ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करावयास सांगितलें. आणि आपणांवर अन्याय झाला असतां सूड हातीं घेऊं नये. न्याय करणारा जागा आहे, हें ज्यास ठाऊक आहे त्यासच हात आवरणें साधतें.

त्या बाईंस आज आम्ही असें सांगूं : बाई, लेकराचें कांहींच पाप नव्हतें, आणि देवाचा राग त्याच्यावर नव्हता. मात्र त्या लेकराच्या मागें राहिलेल्यांकरितां आलेला शिधा कोणी मधल्यामध्यें खाल्ला असेल, तर त्याच्यावर तो खास आहे. आणि तें पाहून आम्ही गप्प बसलों असूं, तर आमच्यावरहि आहे.