पोटाशी धरलेला कॅमेरा

मागच्या रविवारी पुण्यात पेठांमध्ये फोटोवॉकला गेलो होतो. तुळशीबागेपाशी कॅमेरा पोटाशी धरून, मागची स्क्रीन वर वळवून फोटो काढत होतो. बरोबरचे एक ज्येष्ठ म्हणाले, "स्क्रीनवरच बघायचंय तर मोबाइल आणायचास की! खरा फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी पोचेपर्यंत मात्र डोकं तापलं होतं.

व्ह्यूफाइंडर म्हणजे साधना आणि लाइव्ह व्ह्यू म्हणजे पर्यटकांचा चाळा, हे सोवळंओवळं आलं कुठून? ॲन्सल ॲडम्स मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पडलेली उलटी प्रतिमा काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचा. ती काच म्हणजे त्याची स्क्रीनच. १९२९ साली आलेला रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून आत डोकवायचं असतं. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायरनं रस्त्यावरच्या माणसांचे कितीतरी फोटो याच कॅमेऱ्यानं काढले. आणि डोळेवाल्यांचं दैवत असलेल्या लायका रेंजफाइंडरच्या खिडकीतून लेन्सला काय दिसतंय ते दिसतच नाही. शेजारच्या झरोक्यातून चौकटीचा अंदाज घ्यायचा.

तांत्रिक आक्षेप मला मान्य आहेत. डीएसएलआरमध्ये झटपट फोकस करणारा सेन्सर आरशावरून येणाऱ्या उजेडावर चालतो. लाइव्ह व्ह्यूत आरसा वर गेला की तो आंधळा होतो आणि कॅमेरा चाचपडत बसतो. जुन्या डीएसएलआरवर कबड्डीची चढाई स्क्रीनवर बघून टिपायला जाऊ नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही, बॅटरी भराभर उतरते, हेही खरं. पण २०१३ मध्ये कॅननच्या ७०डीनं मुख्य सेन्सरवरच जलद फोकस आणला. मिररलेस कॅमेऱ्यात तर डोळा लावला तरी आत छोटी स्क्रीनच असते! शिवाय स्वस्त डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो. कडेला घुसलेली विजेची तार घरी गेल्यावर सापडते.

पण माझा राग तंत्रापुरता नाही.

माझी आजी कॅमेरा दिसला की ताठ व्हायची. "थांब, पदर नीट करते." मग ओठ मिटून, पासपोर्टला बसल्यासारखी. माझं अर्धं तोंड काळ्या डब्यामागे गेलं की तिच्यासाठी नातू संपायचा आणि फोटोवाला सुरू व्हायचा. एका सुट्टीत ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर मांडी घालून बसलो, कॅमेरा मांडीवर ठेवला, स्क्रीन वर केली आणि तिच्या शाळेबद्दल विचारलं. चौथीनंतर शाळा सुटली, ते सांगताना ती हसली आणि लगेच गप्प झाली. मी तिच्याकडे बघत होतो. मधेच एकदा खाली नजर टाकून बटण दाबलं.

त्या फोटोत फोकस चुकलाय. डोळ्यांऐवजी सूप स्पष्ट आलंय. स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल. आजी गेल्यावर फ्रेम करायला घरातल्या सगळ्यांनी तोच निवडला, कारण बाकीच्या फोटोंत आजी नव्हतीच.

तेव्हा काका, तुमच्या डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पक्ष्यांना, खेळाडूंना तो खुशाल लावा. पण समोर माणूस असेल, तर त्याला तुमचा चेहरा दिसण्याचा हक्क आहे. आपण त्याच्याकडून त्याचा चेहरा मागतोय ना?

आणि स्क्रीनवर चिडायचंच असेल तर फोटो काढून झाल्यावर मान खाली घालून तोच तोच बघत राहण्यावर चिडा. त्या सवयीत आपण सगळे आहोत, व्ह्यूफाइंडरवालेही. परवा तुळशीबागेत मला टोमणा मारून झाल्यावर तुम्हीही तेच करत होतात. तेवढ्यात समोरून डोक्यावर पितळी घंगाळं घेतलेला माणूस गेला. तुम्हाला तो दिसला नाही.