कोरडं म्हणजे किती कोरडं?

दोस्तांनो, बातम्या संपता संपता हवामानाचा अंदाज सांगतात, तेव्हा तुमच्यापैकी किती जण तो कान देऊन ऐकतात? पावसाळ्यात ऐकत असाल. शाळेला सुट्टी मिळते का, हे बघायचं असतं ना! पण नोव्हेंबर उजाडला की अंदाज सांगणाऱ्या बाई रोज तेच वाक्य म्हणतात, "कोकण आणि गोव्यात हवामान कोरडे राहण्याची शक्यता आहे." आणि आपण टीव्ही बंद करून जेवायला उठतो.

आज या कंटाळवाण्या वाक्याबद्दलच बोलू या. कारण ते वाक्य ऐकून कुणीतरी सुटकेचा श्वास टाकत असतं, बरं का! रत्नागिरीचा आंबेवाला, वसई-उरणकडचा मिठागरवाला, बोंबील वाळत घातलेली कोळीण, ही सगळी माणसं या काळात आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. फक्त पाऊस यावा म्हणून नाही, तर येऊ नये म्हणून!

आधी शब्दांचा अर्थ लावू. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' हे शब्द सहज तोंडाला येतील तसे वापरलेले नसतात. एका विभागात पाऊस मोजणारी जेवढी केंद्रं आहेत, त्यांतल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस झाला तर 'तुरळक'. पावापासून निम्म्यापर्यंत 'काही'. निम्म्यापासून पाऊण भागापर्यंत 'बऱ्याच'. त्याच्याही वर गेलं तर जवळपास सगळीकडे. आणि 'कोरडे' म्हणजे? एकाही केंद्रावर पाऊस नाही! डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ला, कुठ्ठेच नाही. म्हणजे दिसायला साधं असलं तरी हे वाक्य फार धीट आहे. एका जरी ठिकाणी सर येऊन गेली तरी ते खोटं ठरतं.

आता गंमत बघा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे सगळं पाणी जागच्या जागी साठलं असतं, तर मोठ्या माणसाच्या डोक्यावरून गेलं असतं. तेच डिसेंबर-जानेवारीत सरासरी काढली, तर ती नखाएवढी. समुद्र तोच, डोंगर तेच. मग पाऊस गेला कुठे?

उत्तर वाऱ्यात आहे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, येताना वाफ घेऊन येतो आणि सह्याद्रीला धडकून वर चढतो. वर चढला की थंड होतो आणि पाणी सोडतो. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. त्यानंतर उत्तर भारत गार पडायला लागतो. गार हवा जड. ती खाली बसते, तिथला दाब वाढतो आणि वारा उलटा फिरतो. आता तो जमिनीवरून समुद्राकडे निघतो. त्याच्याजवळ वाफच नाही, तर देणार काय? शिवाय घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरताना ही हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं तळ हाताला गरम लागतं, आठवतंय? तसंच हे. हवा तापली की आणखी कोरडी होते.

म्हणूनच 'हिवाळा' म्हटलं की थंडी, हे समीकरण किनाऱ्यावर नेहमी जुळत नाही. ४ डिसेंबर २०२४ला मुंबईत सांताक्रूझला पारा चक्क ३७ अंशांच्या वर गेला होता! जमिनीवरचा वारा जोर धरून बसला, की समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्याला आत यायला दुपारी उशीर होतो, आणि मग घामाच्या धारा. उलट २२ जानेवारी १९६२ला त्याच सांताक्रूझला ७.४ अंश एवढी थंडी नोंदली गेली आहे. तेव्हा अंदाजात 'कोरडे' ऐकून लगेच स्वेटर काढू नका. पाऊस नाही, एवढंच तो शब्द सांगतो.

आता आंब्याकडे वळू. (आंब्याचं नाव काढल्यावर किती जणांचं लक्ष परत आलं, ते कळतंय हं!) पावसाळा संपला की हापूसच्या झाडापुढे दोन वाटा असतात. जमिनीत ओल भरपूर असेल, तर झाड म्हणतं, वाढू या, आणि त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते. जमीन सुकत गेली आणि रात्री गार पडल्या, तर झाडाची वाढ थांबते आणि मग मोहोर येतो. मोहोर आला तर आंबा, पालवी आली तर तिथे यंदा नुसती पानं. नोव्हेंबरातल्या दोन जोरदार सरींनी बागायतदाराचं वेळापत्रक महिन्याभराने पुढे जाऊ शकतं. म्हणजे चांगल्या भावाने विकला जाणारा आंबा उशिरा तयार होणार, आणि तोवर जूनचा पाऊस दारात उभा! वर्षाची एकच कमाई असलेल्या घरात या महिन्याभराचं मोल किती, याचा विचार करा.

पाऊस पडलाच पाहिजे असंही नाही. नुसतं ढगाळ राहिलं तरी काळजी. दमट, कोंदट हवेत मोहोरावर तुडतुडे वाढतात, भुरी पडते. मग फवारण्या आल्या, आणि त्यांचा खर्च आला. निरभ्र आकाश असलं की रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते आणि गार होते. ढग आले की ते गोधडीसारखे वर पसरतात आणि थंडी मोडते. आपल्याला बरं वाटतं, आंब्याला नाही.

रायगडातल्या वालाची गोष्ट तर अजून वेगळी. भात कापून झालं की त्याच खाचरात वाल पेरतात. त्याला पाऊस नको. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्या भांडवलावर हे पीक उभं राहतं. आणि थंडीत त्याच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, पाण्याचा एक थेंबही न टाकता, शेतात पोपटी लागते. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांनी अलिबागकडचा एखादा मित्र ताबडतोब गाठावा.

पण कोरड्या हवामानाचा अंदाज चुकतो तेव्हा? अरबी समुद्रात पावसाळा संपल्यावरही वादळं होतात. ११ नोव्हेंबर २००९ला 'फयान' नावाचं चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं होतं. २०१७च्या डिसेंबरात 'ओखी' आलं. ते तयार झालं थेट श्रीलंका-कन्याकुमारीकडे, केरळ-तमिळनाडूच्या शेकडो मच्छिमारांचे प्राण त्याने घेतले, आणि मग समुद्रातून वर येत येत त्याने ५ डिसेंबरला मुंबईतल्या आणि आसपासच्या शाळा बंद ठेवायला लावल्या. ऐन डिसेंबरात पावसाची सुट्टी! तुमच्या ताईदादांना विचारा, त्यांना आठवत असेल. पण त्या दिवशी ज्यांची मासळी उघड्यावर वाळत होती आणि ज्यांच्या मिठागरांत नुकतं कुठे पाणी आटवायला घेतलं होतं, त्यांच्या घरी सुट्टीचा आनंद नव्हता. म्हणून लांब पल्ल्याचा अंदाज 'कोरडा महिना' म्हणत असला, तरी कोळीवाड्यात रोजचा इशारा वेगळा ऐकतात. महिन्याचा अंदाज सरासरीचा असतो. वादळाची खबर फक्त काही दिवस आधी लागते.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला जास्त टोचते. एवढा पाऊस पडणाऱ्या कोकणात एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघतात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. पाणी थांबतच नाही. म्हणून ओढ्यांत अजून वाहतं पाणी आहे तोवरच, म्हणजे याच सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत, गावोगावी रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात. काही शाळांची मुलंही श्रमदानाला जातात. जानेवारीत जागं होऊन उपयोग नसतो, तोवर ओढ्यात गोटे उरलेले असतात.

हवा किती कोरडी आहे ते तुम्हाला घरीच मोजता येईल. दोन साधे थर्मामीटर घ्या (तापाचे नकोत, प्रयोगशाळेतले, सरांना विचारून घ्या). एकाच्या टोकाला ओलं, पातळ सुती कापड गुंडाळा. दोन्ही सावलीत शेजारी शेजारी टांगा आणि कापडाला पुठ्ठ्याने थोडा वारा घाला. कापडातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर कमी अंश दाखवतो. दोघांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. ऑगस्टमध्ये फरक अगदी थोडा दिसेल. आता करून बघा.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी सोबत एक दोराही गच्चीवर बांधावा. सकाळी सात वाजता तो कुठल्या दिशेला उडतो आणि दुपारी तीनला कुठल्या, ते आठ दिवस वहीत लिहा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे ते हेच. ज्या दिवशी दुपारचा वारा फिरायला उशीर झाला, त्या दिवशीचं तापमान दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शोधा. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. घाटावरच्या वाचकांनीही हा प्रयोग करावा, तुमच्या आणि कोकणातल्या आकड्यांची तुलना पुढच्या एखाद्या अंकात करू.